संज्ञा आणि संयुजा पाठांतराशिवाय कशा शिकवाव्यात?

प्रश्न (नाशिक रोड):
माझी मुलगी नववीत आहे. सोडिअमची संज्ञा ‘एन-ए’ आणि लोखंडाची ‘एफ-ई’ का, हे तिला उमगत नाही. शिवाय तांब्याची संयुजा (म्हणजे इतर अणूंशी संयोग पावण्याची क्षमता) कुठे १, तर कुठे २ दिलेली असल्यामुळे रेणुसूत्र लिहिताना ती अडखळते. काय करावे?

उत्तर १:
या संज्ञा नॅट्रिअम आणि फेरम या लॅटिन नावांवरून आल्या आहेत. लॅटिन नावाच्या आद्याक्षरांची ही पद्धत स्वीडनच्या बर्झेलियस यांनी १८१३-१४ मध्ये मांडली. मूळ नाव सांगितले की संज्ञा आपोआप लक्षात राहते.

उत्तर २ (निफाड):
द्राक्षबागेसाठी बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचे बुरशीनाशक) करताना मी मुलाला मोरचुदाचे, म्हणजे कॉपर सल्फेटचे, निळे खडे हातमोजे घालून दाखवले. त्यात तांब्याची संयुजा २ आणि सल्फेटचीही २, म्हणून दोहोंचे प्रमाण एकास एक. चुनकळी विझवल्यावर मात्र कॅल्शिअमची संयुजा २ आणि हायड्रॉक्साइडची १ असल्याने एका कॅल्शिअमबरोबर दोन हायड्रॉक्साइड येतात. मोरचूद आम्ही प्लास्टिकच्या बादलीतच भिजवतो, कारण त्या द्रावणात लोखंडी खिळा टाकला तर थोड्याच वेळात त्यावर तांब्याचा लालसर थर चढतो. तांब्याची संयुजा १ असलेले ऑक्साइड तांबडे, तर २ असलेले काळे असते. हा रंगभेद मुलाच्या मनात पक्का बसला.

उत्तर ३:
एक पुरवणी. ॲल्युमिनिअम सल्फेटमध्ये संयुजा ३ आणि २ यांची तिरकस अदलाबदल करून दोन ॲल्युमिनिअम व तीन सल्फेट लिहावेत, आणि सल्फेट कंसात ठेवावे. माझ्या अनुभवात मुले कंसच विसरतात.