औषध संपलं म्हणून कोठडी: तुमचे अनुभव लिहा

घरातल्या माणसाच्या मानसिक आजारापायी पोलीस, कोर्ट, तुरुंग बघावा लागला, असं कुणाच्या वाट्याला आलंय का? सरकारी उपचार कुठे मिळाले, कुठे हुकले? नाव-गाव न देता लिहा. सुरुवात मी करते.

धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे डॉक्टर महिन्यातून एकदा तालुक्याला येतात. केसपेपर काढला की महिन्याच्या गोळ्या फुकट. सहा वर्षं त्यावर तो नीट होता, रोज डेअरीवर दूध घालायचा. मागच्या पावसाळ्यात खिडकीवर सांगितलं, "पुरवठा नाही, बाहेरून घ्या." पैसे पेरणीत अडकलेले. आईने उरलेल्या गोळ्या दिवसाआड द्यायला सुरुवात केली, मला कळूही दिलं नाही. तिसऱ्या आठवड्यात त्याची झोप उडाली. चौथ्यात त्याने किराणा दुकानाची काच फोडली, कारण दुकानदार रेडिओवरून आपल्याबद्दल बोलतोय असं त्याला ऐकू येत होतं. गुन्हा दाखल, रात्र कोठडीत. काच, वकील, जामीन यात जे गेलं त्यात त्याच्या दोन वर्षांच्या गोळ्या आल्या असत्या. दुकानदारावर राग नाही. पहाटे भावासाठी चहा घेऊन तोच ठाण्यात आला होता.

निवृत्त हवालदार:
ताई, रस्त्यावर भरकटलेला मनोरुग्ण सापडला तर त्याला कोठडीत ठेवायचंच नाही, 24 तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्यायचं, असं 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 100 सांगतं. मला ते नोकरीच्या शेवटच्या वर्षी कळलं. एसटी स्टँडवर एक बाई सापडली होती, तिची भाषा कुणालाच कळेना. दवाखान्यात मनोविकारतज्ज्ञ सकाळी येणार आणि येरवड्याचं मनोरुग्णालय अडीचशे किलोमीटरवर. प्रादेशिक मनोरुग्णालयं राज्यात वर्षानुवर्षं चारच: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. आमच्या महिला शिपाई रात्रभर तिच्याजवळ बाकावर बसून राहिल्या. कायदा चांगला आहे हो, पण गाडी, डिझेल आणि खाट यांची तरतूदही त्याच्यासोबत यायला हवी होती.

विधी सेवेतली वकील:
गुन्हा नसलेल्या मनोरुग्णाला तुरुंगात ठेवणं घटनाबाह्य आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने पत्रकार शीला बर्से यांच्या प्रकरणात 1993 मध्येच सांगितलं. ज्यांच्यावर गुन्हा आहे त्यांचं काय? आसामचे माचांग लालुंग 1951 मध्ये पकडले गेले आणि सुटले 2005 मध्ये. खटला न चालता 54 वर्षं! माझ्या एका अशिलाला चोरीच्या किरकोळ प्रकरणात जामीन मिळाला होता, तरी तो सात महिने आत होता. जामीनदार नव्हता, आणि घरचा पत्ता विचारला की तो लहानपणीच्या शाळेचा पत्ता सांगायचा. शेवटी त्या शाळेतूनच त्याची बहीण सापडली. कोठडीतल्या कुणालाही वकील मोफत मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, लाजू नका.

लॉस एंजेलिसहून:
इथे काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, तुरुंगातही मनोरुग्ण हजारोंनी आहेत, तेव्हा इथलं सगळं छान असं मुळीच नाही. पण कॅलिफोर्नियात 2004 मध्ये मतदारांनीच 10 लाख डॉलरच्या वरच्या उत्पन्नावर 1 टक्का जादा कर मंजूर केला, तोही मानसिक आरोग्यासाठी राखून. 2015 मध्ये सुरू झालेलं काउंटीचं एक खातं कोर्टाच्या संमतीने अशा आरोपींना तुरुंगातून काढून घर आणि उपचार देतं. मी अशाच एका घरात काम करते. नव्याने आलेले एक काका पहिला आठवडाभर खोलीची किल्ली मुठीत धरून झोपायचे. दार आतून लावता येतं, याचीच त्यांना सवय नव्हती.

एक आई:
रात्री अडीच वाजता 14416 लावला, टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा. फुकट आहे, मराठीत बोलतात. मुलगा फोनवर चाळीस मिनिटं बोलला आणि झोपला. एवढंच.

धागाकर्ती:
हवालदार काका, कलम 100 आमच्या ठाण्यात छापून देते. वकील ताई, भावाच्या केसची पुढची तारीख 14 आहे, उद्या प्राधिकरणात जाते. ओपीडी मंगळवारी आहे. गोळ्या आल्या का ते खिडकीवर विचारून इथेच लिहीन.