डीव्हीडीचा हिशेब विसरू नका

हॉलिवूडचा नट मॅट डेमनच्या मुलाखतीवरून ‘प्रेक्षकांची आवड बदलली, म्हणून मध्यम बजेटचे सिनेमे संपले’ असा सूर काहीजण लावतायत, तो मला अजिबात पटत नाही. २०२१ मध्ये ‘हॉट वन्स’ या यूट्यूबवरच्या मुलाखतीच्या कार्यक्रमात डेमनने सरळ हिशेब मांडला होता. अडीच कोटी डॉलरचा सिनेमा, जवळपास तेवढाच खर्च जाहिरातीवर, शिवाय गल्ल्यातला निम्मा वाटा थिएटरवाल्यांचा. म्हणजे नफ्याचं तोंड दिसायलाच दहा कोटी डॉलरचा गल्ला हवा. पूर्वी सहाएक महिन्यांनी डीव्हीडीतून दुसऱ्यांदा पैसा यायचा, त्या भरवशावर निर्माते धाडस करायचे. त्याने उदाहरण दिलं स्वतः काम केलेल्या ‘बिहाइंड द कँडेलाब्रा’ या सिनेमाचं. दिग्दर्शक सोडरबर्ग, सोबत मायकल डग्लस, तरी स्टुडिओंनी हात आखडता घेतला. शेवटी २०१३ मध्ये अमेरिकेत तो थिएटरऐवजी एचबीओ या टीव्ही वाहिनीवर आला.

नटांची बाजूही बघा. डीव्हीडीच्या विक्रीतून त्यांना हिस्सा मिळे. स्ट्रीमिंगवर किती लोकांनी पाहिलं हेच कळेना. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या नटांच्या संघटनेने ११८ दिवस संप केला, त्यातला एक मोठा मुद्दा हाच होता. संपानंतरच्या करारात स्ट्रीमिंगसाठी बोनस आला, पण अट काय, तर पहिल्या ९० दिवसांत त्या स्ट्रीमिंग सेवेच्या देशांतर्गत वर्गणीदारांपैकी २० टक्क्यांइतक्या लोकांनी पाहायला हवं. मधल्या आकाराच्या सिनेमाला हे कसं जमणार?