घरी शिकणाऱ्या सहावी-सातवीच्या मुलांसाठी मोजमाप असलेले विज्ञानप्रयोग सुचवा

घरशाळा

मुलगी बारा वर्षांची, घरीच शिकते. आठवड्यातून दोनदा तासभर फक्त प्रयोगांसाठी राखून ठेवला आहे. सोडा-व्हिनेगरचा ज्वालामुखी वगैरे झालं. बघायला मजा येते, पण "मग यातून काय कळलं?" असं विचारलं की गाडी अडते. काहीतरी मोजावं लागेल, आकडे वहीत येतील आणि निष्कर्ष तिचा तिला काढता येईल असे प्रयोग हवेत. मीटरपट्टी, डिजिटल वजनकाटा, मोबाइलचं स्टॉपवॉच, औषधाचे ड्रॉपर एवढं घरात आहे. प्रयोग कुठे फसतो तेही लिहा, कारण फसल्यावर नेमकं काय तपासायचं हेच सुचत नाही.

काटकोन

दोलकापासून सुरुवात करा. साहित्य नगण्य लागतं आणि आकडे इतके स्वच्छ येतात की मुलांचा मोजमापावर विश्वास बसतो.

सव्वा मीटर न ताणला जाणारा दोरा आणि एक जड लोखंडी नट घ्या. दोरा खिळ्याला सैल गाठ मारून टांगू नका. झोका जाताना गाठ खिळ्यावर घरंगळते आणि लांबी बदलत राहते. आइस्क्रीमच्या दोन काड्यांमध्ये दोरा चिमटीत धरल्यासारखा आवळा आणि काड्या कपाटाच्या वरच्या कडेला पक्क्या चिकटवा. लांबी मोजायची ती काडीच्या खालच्या कडेपासून नटच्या मध्यापर्यंत, गाठीपर्यंत नाही.

25, 50, 75 आणि 100 सेंमी लांबी ठेवून प्रत्येकी 10 दोलनांचा (एक दोलन म्हणजे नट जाऊन परत येणं) वेळ घ्या, प्रत्येक लांबीला तीनदा. साधारण 10, 14.2, 17.4 आणि 20.1 सेकंद यायला हवेत. हे आकडे तिला आधी सांगू नका. आधी तिचा अंदाज वहीत लिहून घ्या: लांबी चौपट केली तर वेळ किती पट? बहुतेक मुलं "चौपट" लिहितात, आणि उत्तर दुप्पट येतं. तिथेच खरा प्रयोग सुरू होतो.

25 सेंमीला 9 आणि 100 सेंमीला 18 सेकंद आले, तर घड्याळ सुरू करताना ती "एक" म्हणते आहे. "शून्य" म्हणून सुरू करायचं. नट सर्वांत खालच्या बिंदूतून जाताना घड्याळ दाबलं तर वेळ जास्त नेमका मिळतो, कारण तिथे वेग सर्वाधिक असतो. टोकाला नट क्षणभर रेंगाळतो आणि नक्की कधी वळला ते कळत नाही.

वस्तुमान बदलून बघताना नट एकाखाली एक बांधले की वेळ वाढतो आणि "जड दोलक सावकाश हलतो" असा चुकीचा निष्कर्ष निघतो. वाढलेली असते ती लांबी. सगळे नट एकाच तारेच्या कडीत शेजारी शेजारी ओवा आणि लांबी पुन्हा मोजा.

कोन 15 अंशांच्या आत ठेवा, म्हणजे नट बाजूला ओढायचा तो दोऱ्याच्या लांबीच्या पावपटीपर्यंतच. 60 अंशांना दोलनकाल सुमारे 7 टक्क्यांनी वाढतो. दोलनकाल आयामावर (झोका किती मोठा यावर) अवलंबून नसतो, हे लहान कोनापुरतंच खरं.

लिटमस

रसायनाच्या बाजूचा एक. जांभळ्या कोबीचा दर्शक (आम्ल की आम्लारी ते रंगाने दाखवणारा अर्क) बहुतेकांनी केलेला असतो, पण रंग बघून सोडून देतात. त्यानेच थेंब मोजून उदासिनीकरण, म्हणजे आम्लाचा परिणाम आम्लारीने घालवणं, करता येतं.

पाव कोबी बारीक चिरून बुडेल इतक्या गरम पाण्यात 10 मिनिटं ठेवा आणि गाळा. हा अर्क फ्रिजमध्येही दोन-चार दिवसच टिकतो. उरलेला बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवा. अर्क मुळातच निळसर दिसला तर नळाचं पाणी किंचित आम्लारिधर्मी आहे, शुद्ध (डिस्टिल्ड) पाणी वापरून बघा.

5 ग्रॅम खाण्याचा सोडा 100 मिलि पाण्यात पूर्ण विरघळवा. पांढऱ्या वाटीत 20 थेंब व्हिनेगर, दोन चमचे पाणी, 10 थेंब अर्क. रंग गुलाबी होईल. आता सोड्याचं द्रावण थेंबाथेंबाने घाला, प्रत्येक थेंबानंतर ढवळा आणि गुलाबी जाऊन जांभळा टिकला की थेंबांची संख्या लिहा. मग 10 थेंब व्हिनेगर घेऊन तेच करा. थेंब निम्मे लागले पाहिजेत. किती लागले यापेक्षा हे गुणोत्तर महत्त्वाचं, कारण व्हिनेगरची तीव्रता बाटलीगणिक वेगळी असते.

व्हिनेगर आणि सोडा दोन्हींना एकाच मापाचे पण वेगळे ड्रॉपर ठेवा, आणि ड्रॉपर उभाच धरा. तिरका धरला की थेंबाचा आकार बदलतो. ढवळायचा कंटाळा केला तर थेंब पडलेल्या जागीच जांभळा रंग येऊन परत गुलाबीकडे वळतो. शेजारी एका वाटीत नुसतं पाणी आणि अर्क ठेवा, म्हणजे रंग कशाशी जुळवायचा याचा वाद उरत नाही.

घरशाळा

दोन्ही प्रयोग या आठवड्यात घेते. एक शंका: ताटलीत पाणी, मध्ये मेणबत्ती, वर ग्लास उपडा. "ऑक्सिजन संपला म्हणून पाणी एक-पंचमांश चढतं" असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. हा मोजमापासाठी चालेल का?

तुरटी

चालेल, पण ते स्पष्टीकरण खोडून काढण्यासाठी! हे चुकीचं कारण मुलांच्या डोक्यात फार घट्ट बसतं, म्हणून सविस्तर लिहिते.

ज्योत विझते तेव्हा ग्लासातला ऑक्सिजन संपलेला नसतो, बराच शिल्लक असतो. जो वापरला जातो त्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड आणि वाफ तयार होते. पाणी चढतं ते मुख्यतः तापलेली हवा गार होऊन आकसल्यामुळे, आणि वाफेचं पाणी झाल्यामुळे. तिला दोन गोष्टी करायला सांगा. पहिली, एक, दोन आणि तीन मेणबत्त्या लावून पाण्याची उंची मोजणे. ग्लास तोच, म्हणजे ऑक्सिजन तेवढाच, तरी मेणबत्त्या वाढल्या की पाणी जास्त चढतं. दुसरी, पाणी कधी चढतं ते बघणे. बरंचसं चढतं ते ज्योत विझल्यानंतर. ग्लास उपडा घालताना कडेने बुडबुडे निघताना दिसले तर ती प्रसरण पावून बाहेर पडणारी हवाच आहे.

ऑक्सिजनचा खरा वाटा मोजायचा तर लोखंड गंजवा. अरुंद, उंच, सरळ बाजूंची काचेची नळी किंवा बाटली घ्या. बारीक स्टील वूलचा (लोखंडाच्या केसासारख्या तारांचा) छोटा पुंजका एक मिनिट व्हिनेगरमध्ये बुडवा म्हणजे वरचा तेलकट थर जातो. मग पाण्याने नीट धुवा आणि झटका. व्हिनेगर राहिलं तर त्याची लोखंडाशी क्रिया होऊन हायड्रोजन निघतो आणि पाणी कमी चढतं. पुंजका नळीच्या तळाशी पक्का बसवून नळी पाण्यात उपडी उभी करा आणि किमान दिवसभर ठेवा. हवेच्या स्तंभाच्या सुमारे 21 टक्के उंचीपर्यंत पाणी यायला हवं.

काहीच घडलं नाही तर बहुधा भांडी घासायची स्टेनलेस चोथी वापरली गेली आहे, ती गंजत नाही. वाचन घेताना नळी वरखाली करून आतली आणि बाहेरची पाण्याची पातळी एक करा, तेव्हाच आतला दाब बाहेरच्या हवेइतका होतो. नळी मुठीत धरू नका, हाताच्या उबेने हवा फुगते.

मेणबत्ती पेटलेली असताना मोठं माणूस शेजारी हवंच.

काटकोन

तुरटी यांच्या मेणबत्तीच्या प्रयोगात प्रत्येक वेळी ग्लास थंड करून, आतून पुसून घ्या, नाहीतर तिसरं वाचन पहिल्याशी ताडून बघता येणार नाही.

वीज घेणार असाल तर विद्युतचुंबक. दीड मीटर एनॅमल तार (वर पातळ विद्युतरोधक थर असलेली तांब्याची तार), लोखंडी खिळा, 1.5 व्होल्टचा साधा सेल, टाचण्या. 20, 40, 60 वेढ्यांना किती टाचण्या उचलल्या ते मोजा. तार मात्र कापू नका. उरलेली मोकळी सोडा, म्हणजे रोध तोच राहील आणि बदलतील ते फक्त वेढे. चुंबक चालतच नसेल तर तारेची दोन्ही टोकं दोन-दोन सेंमी पॉलिशपेपरने तांबं चमकेपर्यंत घासली आहेत का ते बघा, दहातल्या नऊ वेळा तिथेच अडतं. जोडणी पाच सेकंदांच्या वर ठेवू नका, तार आणि सेल दोन्ही तापतात. लिथियम सेल किंवा भिंतीतल्या प्लगची वीज यासाठी अजिबात नको. पोलादी खिळा वीज बंद केल्यावरही थोडा चुंबकच राहतो, तेव्हा सुरुवात कमी वेढ्यांपासून करा.

घरशाळा

स्टील वूलची क्रिया पूर्ण झाली हे कसं ओळखायचं? दिवसभर म्हणजे नक्की किती?

तुरटी

तासांवर जाऊ नका. नळीवर कागदाची पट्टी चिकटवा आणि सकाळ-संध्याकाळ दोन्हीकडची पातळी एक करून पेन्सिलीने खूण करा, शेजारी खोलीचं तापमान लिहा. लागोपाठच्या दोन खुणा एकाच तापमानाला जुळल्या की झालं. पातळी 21 टक्क्यांच्या बरीच खाली थांबली तर पुंजका कमी पडला किंवा कोरडा झाला. थोडा जास्त, ओला पुंजका घेऊन नव्याने लावा.