विषय: नाव देऊन न येणाऱ्यांना दंड?

नमस्कार मंडळी,
मागच्या कार्यक्रमाला सभागृह आवरायला बारा जणांनी नावं दिली, आले पाच. दर वेळी तेच पाच. नाव देऊन न येणाऱ्याला दंड आणि येणाऱ्याला तिकिटात सूट, असा ठराव मांडते आहे.
– सचिव

ताई,
त्या पाचांत मीही होतो, तरी दंड नको. इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या 10 पाळणाघरांवरचा ग्नीझी आणि रुस्तिकिनी या अर्थतज्ज्ञांचा प्रयोग 2000 साली प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना त्यांतल्या सहा पाळणाघरांत दंड लावला, तर उशीर जवळपास दुप्पट झाला! आधी बाई आपल्यासाठी खोळंबल्या याचा संकोच वाटायचा. आता त्या खोळंबण्याचा दर ठरला. पैसे भरले की फिटलं. मला खरं लागलं ते पुढचं. दंड रद्द केल्यावरही उशीर कमी झाला नाही. एकदा मोडलेली भीड परत आली नाही.

तिकिटातल्या सवलतीचीही मला धास्ती वाटते. स्वीडनमध्ये रक्तदानासाठी मोबदला देऊ केला तेव्हा तयार होणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण 52 टक्क्यांवरून 30 वर आलं. तीच रक्कम दान करायची मुभा दिली, तर 53. (2008 चा अभ्यास. पुरुषांत असा ठळक फरक दिसला नाही.)
– तुमचा एक स्वयंसेवक

दादा, पटलं. पण नुसतं चांगुलपणावर सोडूनही भागणार नाही. सामायिक निधीच्या प्रयोगांत (प्रत्येकाने एका निधीत पैसे टाकायचे, तो वाढवून सगळ्यांत सारखा वाटायचा) लोक सुरुवातीला बरंच देतात आणि फेरीगणिक हात आखडतात. ते स्वार्थी असतात म्हणूनच असं नाही. 2001 च्या एका प्रयोगात साधारण निम्मे लोक ‘इतर देतील तर मीही देईन’ या वृत्तीचे निघाले. दुसरे देत नाहीत हे दिसलं की अशांचा हात थांबतो.

म्हणून ‘पाचच आले’ हे पत्रात लिहिणं मला धोक्याचं वाटतं. वाचणाऱ्याला कळतं की न येणं चालतं. त्याऐवजी कुणी काय केलं ते नावानिशी लिहूया. आणि ‘मदत हवी’ असं मोघम नको. खुर्च्या कुणाकडे, ध्वनियंत्रणा कुणाकडे, हे ठरवून आदल्या दिवशी प्रत्येकाला फोन करूया. निम्मे फोन माझ्याकडे द्या.
– माजी खजिनदार

दोघांचे आभार. ठराव मागे घेते. कामांची यादी आज रात्री पाठवते, खजिनदार ताई, तुमचे फोन त्यातूनच वाटून घेऊ.
– सचिव