‘मृत्युंजय’चा कर्ण: व्यासांचा की सावंतांचा?

रानजाई: ‘मृत्युंजय ज्याला आवडत नाही त्याला कादंबरी कळतच नाही’ हे शिवाजी सावंतांच्या कर्णावरच्या कादंबरीबद्दल काल इथे वाचलं आणि राहवलं नाही. मला नाही आवडत. नऊ भाग, त्यातले चार कर्णाचे. बाकी कुंती, दुर्योधन, कर्णाची बायको वृषाली, त्याचा भाऊ शोण, कृष्ण. नावं झाकून कुठलंही पान उघडा, बोलतंय कोण ते सांगता येत नाही. सूताच्या घरचा शोण आणि द्वारकेचा कृष्ण, दोघंही त्याच अलंकारिक सुरात! शिवाय महाभारतातल्या घोषयात्रेत, म्हणजे वनवासातल्या पांडवांना खिजवायला निघालेल्या कौरवांच्या स्वारीत, गंधर्वांनी रथ मोडल्यावर विकर्णाच्या रथावर चढून पळणारा कर्ण या पुस्तकाच्या किती चाहत्यांना आठवतो?

पैलतीर: भाषा एकसुरी आहे, मान्य. रचना बघा की जरा. जन्माचं रहस्य कुंती तिच्या भागात सांगून मोकळी होते. पुढे कर्ण ‘मी सूतपुत्र’ म्हणत राहतो आणि आपल्याला सगळं ठाऊक असतं. ताण तिथून येतो. शेवट कृष्णाकडे, कारण स्वतःचा मृत्यू कर्ण सांगणार कसा? आणि स्वयंवरात द्रौपदीकडून ‘सूताला वरणार नाही’ ऐकलेला माणूस कडवट होणारच.

जुनी पोथी: थांबा. ते वाक्य महाभारताच्या भांडारकर संस्थेने हस्तलिखितं ताडून काढलेल्या चिकित्सक आवृत्तीच्या मुख्य पाठात नाहीच, तळटीपेत गेलंय. आवृत्ती १९६६ला पूर्ण झाली, कादंबरी १९६७ची. इरावती कर्व्यांचं महाभारतावरचं ‘युगान्त’ही त्याच वर्षीचं, त्यांनी हाच पाठ धरला.

पैलतीर: मग काय झालं? शेकडो वर्षं कीर्तनांतून लोकांनी ऐकलेली कथा कादंबरीकाराने तळटिपेच्या भीतीने टाकायची? कादंबरी म्हणजे प्रबंध नव्हे!

जुनी पोथी: टाकू नका. पण त्या एका वाक्याच्या जोरावर द्यूतसभेतला कर्ण माफ करता, त्याचा संताप येतो. द्रौपदीला ‘बंधकी’, म्हणजे वेश्या, कोण म्हणालं? वस्त्रं उतरवायला दुःशासनाला कोणी सांगितलं? तिचा दोष काय, तर न उच्चारलेलं वाक्य?

रानजाई: हेच म्हणत होते मी.

पैलतीर: माफ कोणी केलं? उद्योगपर्व काढा. कृष्ण राज्य देऊ करतो तेव्हा कर्ण स्वतः म्हणतो, दुर्योधनाला बरं वाटावं म्हणून पांडवांना कटू बोललो, त्याचा आज ताप होतोय. हे चिकित्सक आवृत्तीतही आहे. सावंतांचा पश्चात्तापी कर्ण हवेतून आलेला नाही.

जुनी पोथी: आहे तो श्लोक, नाकारत नाही. पण व्यासांना त्यासाठी एकच श्लोक पुरला.