स्वस्त मोबाइलवर व्हिडिओ अडखळतो तेव्हा : आपला अनुभव लिहा

फोंडा

चवथीला आमच्या मूळ घरी झालेली घुमट (मातीचे तालवाद्य) आरती भाच्याने आपल्या आयफोनवर चित्रित केली आणि दर्जा उतरू नये म्हणून व्हॉट्सॲपवरून ती मला ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली. माझा मोबाइल साडेआठ हजारांचा. त्यावर आवाज अखंड चालू राहिला, चित्र मात्र थिजू लागले. घुमटावरची थाप ऐकू यायची तेव्हा वाजवणाऱ्याचा हात अजून हवेतच असायचा आणि चार-पाच थापा होऊन गेल्यावर तो एकदम खाली आलेला दिसायचा. शेजाऱ्यांनी ‘रॅम कमी पडते’ असे निदान केले, तर दुकानदाराने नवा मोबाइल दाखवायला सुरुवात केली.

फाइलचा तपशील पाहिल्यावर उलगडा झाला. व्हिडिओ ४के (फार बारीक बिंदूंच्या मोठ्या चित्राचा) होता, सेकंदाला ६० फ्रेमचा, म्हणजे ६० सुट्या चित्रांचा होता आणि एचईव्हीसी या दाबून साठवण्याच्या पद्धतीने साठवलेला होता. दाबून साठवलेला व्हिडिओ उलगडण्यासाठी मोबाइलच्या चिपमध्ये एक स्वतंत्र भाग असतो. माझ्या मोबाइलमधल्या त्या भागाची मजल १०८०पीपर्यंतच, म्हणजे ४केच्या एक चतुर्थांश बिंदूंपर्यंतच होती. त्यापुढचे काम मुख्य प्रोसेसरवर पडते, त्याला ते वेळेत जमत नाही, मग तो मधल्या फ्रेम सोडून देत पुढे पळतो. आवाज उलगडणे फारच हलके काम असल्यामुळे त्याला धक्का लागत नाही. म्हणून ‘आवाज सरळ, चित्र अडखळते’ हे लक्षण दिसले की आधी फाइलकडे पाहावे आणि नंतर मोबाइलला दोष द्यावा, असे माझे मत झाले आहे.

आपल्यापैकी अनेकांना असे काही ना काही अनुभव आले असतील. अडखळणे नेमके कसे होते, कशाने थांबले आणि कशाचा उपयोग झाला नाही, हे तिन्ही कृपया लिहावे.

मडगाव

माझी अडचण यूट्यूबवरची होती. शिगम्याच्या मिरवणुकीतले रोमटामेळ पाहताना चित्र धक्के खात होते आणि मी कित्येक दिवस नेटवर्कला बोल लावत होतो. यूट्यूबच्या सेटिंगमध्ये ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ नावाची सोय आहे. ती चालू केल्यावर चित्रावरच आकडे उमटतात आणि किती फ्रेम गळल्या तेही त्यात दिसते. माझ्याकडे पुढचा भाग भरपूर साठून तयार होता, म्हणजे इंटरनेट निर्दोष होते, पण गळलेल्या फ्रेमचा आकडा मात्र रिक्षाच्या मीटरसारखा चढत होता. कोडेकच्या (व्हिडिओ दाबण्याच्या पद्धतीच्या) ओळीत ‘एव्ही०१’ असे लिहिलेले होते. एव्ही१ हा २०१८ साली आलेला प्रकार डेटा वाचवतो, परंतु तो उलगडणारा भाग पुष्कळ स्वस्त चिपमध्ये नसतोच.

मी दर्जा ७२०पी६० वरून ४८०पी वर आणला आणि धक्के थांबले. यूट्यूब ६० फ्रेम ७२०पी किंवा त्यावरच्या दर्जालाच देते, त्यामुळे ४८०पी निवडल्यावर फ्रेम निम्म्या होतात, शिवाय प्रत्येक फ्रेमही लहान होते. हिशेब केला तर मोबाइलवरचा भार एक चतुर्थांशाहूनही कमी होतो. माझ्या मोबाइलचा पडदाच मुळी ७२० बिंदू रुंदीचा आहे, तरी त्याआधी मी हट्टाने १०८०पी का लावत होतो, याचे आता हसू येते.

वाळपई

आमच्याकडे पावसाळ्यात प्रश्न उलटा असतो. चित्र आणि आवाज दोन्ही एकदम थांबतात आणि मधोमध वर्तुळ फिरत राहते. हे अडखळणे नव्हे, हे नेटवर्कची वाट पाहणे आहे, आणि सिग्नल वाढवणारे बटण मोबाइलमध्ये नाही. पहाटे सिग्नल मोकळा असताना व्हिडिओ डाउनलोड करून ठेवतो, एवढेच.

डिचोली

उपयोग न झालेल्या गोष्टींची यादी माझ्याकडे मोठी आहे. ‘मोबाइल वेगवान करणारे’ ॲप टाकले, तर तेच जाहिराती दाखवत मागे चालू राहिले. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये जाऊन ॲनिमेशन बंद केले. त्याने मेनू झटपट उघडू लागले, पण व्हिडिओचा त्याच्याशी संबंधच नव्हता. ‘व्हर्च्युअल रॅम’ वाढवली, ती तर मोबाइलच्या साठवणुकीतलीच जागा वापरते आणि स्वस्त मोबाइलची साठवणूक खऱ्या रॅमपेक्षा कितीतरी मंद असते. शेवटी एका दुकानात मोबाइल दिला, तेथे मला न विचारता तो रिसेट केला गेला आणि मुलीच्या बारशाचे फोटो गेले. ती हळहळ अजून आहे.

खरे कारण असे निघाले की ३२ जीबीच्या मोबाइलमध्ये जेमतेम ६०० एमबी जागा शिल्लक राहायची. रिसेटनंतर काही आठवडे सारे सुरळीत चालले, ‘सुप्रभात’चे व्हिडिओ पुन्हा साठले आणि दुखणे परतले. तेव्हा व्हॉट्सॲपचे ऑटो-डाउनलोड बंद केले. आता चार-पाच जीबी मोकळी ठेवतो.

म्हापसा

मी निवृत्त शिक्षक आहे. आमच्या गावच्या जत्रेत होणाऱ्या मराठी नाटकांच्या जुन्या डीव्हीडी मुलाने मोबाइलवर घेऊन दिल्या. पात्र रंगमंचावरून झपाट्याने गेले की त्याच्या कडा कंगव्याच्या दातांसारख्या फाटलेल्या दिसत. मी त्यालाच अडखळणे समजत होतो. मुलाने सांगितले की त्या काळच्या टीव्हीसाठी चित्रण करताना एका फ्रेमच्या सम ओळी आणि विषम ओळी वेगवेगळ्या क्षणी टिपल्या जात. आजच्या पडद्यावर त्या एकदम दाखवल्या की असे दात दिसतात. व्हीएलसी या व्हिडिओ दाखवणाऱ्या ॲपमध्ये ‘डीइंटरलेस’ चालू केल्यावर दोष गेला. स्वस्त मोबाइल येथे निर्दोष होता, कारण डीव्हीडीचे चित्र ७२० बाय ५७६ एवढेच असते आणि तेवढे तो सहज पेलतो.

याच व्हीएलसीच्या सेटिंगमध्ये ‘हार्डवेअर ॲक्सिलरेशन’, म्हणजे व्हिडिओ चिपमधल्या स्वतंत्र भागाकडून उलगडून घेण्याचा पर्याय आहे. साधारणपणे तो चालू असावा, परंतु माझ्या एका फाइलवर त्यामुळे हिरवे पट्टे येत होते आणि तो बंद केल्यावर चित्र स्वच्छ झाले. एमएक्स प्लेअर या दुसऱ्या ॲपमध्ये हीच निवड ‘एचडब्ल्यू’ (हार्डवेअर) आणि ‘एसडब्ल्यू’ (सॉफ्टवेअर) या अक्षरांनी दिसते. दोन्ही करून पाहण्यास दोन मिनिटे पुरतात.

पेडणे

दशावताराचे रात्रभराचे चित्रण मी मेमरी कार्डवर ठेवतो. बाजारात ५१२ जीबीचे कार्ड अविश्वसनीय स्वस्तात मिळाले आणि मी ते घेतले, यात चूक माझीच. सुरुवातीची चित्रणे ठीक चालली, नंतरची मात्र ठरावीक ठिकाणी अडकू लागली. संकासुर प्रवेश करतो त्याच क्षणी, दरवेळी. यावरून एक खूण हाती लागली, ती लिहून ठेवतो : अडखळणे दरवेळी वेगळ्या जागी होत असेल, तर मोबाइल तापला आहे किंवा त्याच्यावर भार आहे, त्याच जागी होत असेल, तर बहुधा फाइल किंवा कार्ड बिघडले आहे. संगणकावर ‘एच२टेस्टडब्ल्यू’ या कार्ड तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने तपासल्यावर कार्डाची खरी जागा ३२ जीबीच निघाली. अशी कार्डे आपली क्षमता खोटी सांगतात आणि त्यापुढे लिहिलेले हरवते. ती रात्र गेली, ती गेलीच.

वास्को

मी टॅक्सी चालवतो. दाबोळी विमानतळावर भाड्याची वाट पाहताना गाडीत व्हिडिओ पाहतो. मे महिन्यात पहिली दहा-पंधरा मिनिटे चित्र उत्तम चालायचे आणि मग ओढल्यासारखे होऊ लागायचे. मोबाइल समोरच्या काचेपाशी स्टँडवर, उन्हात, चार्जिंगला लावलेला आणि जाड रबरी कव्हरमध्ये. चिप तापली की स्वतःचा वेग स्वतःच कमी करते. आता मोबाइल सावलीत ठेवतो, कव्हर काढतो, पडद्याचा उजेड उतरवतो आणि चार्जिंग आधीच उरकतो. बॅटरी सेव्हर चालू असला तरी असेच धक्के बसू शकतात, कारण तोही प्रोसेसरला लगाम घालतो.

फोंडा

काहींनी विचारले म्हणून सांगतो. आरतीची फाइल मी संगणकावर हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरने बदलली. त्यात ‘फास्ट ७२०पी३०’ नावाची तयार मांडणी आहे, ती निवडल्यावर एच.२६४ पद्धतीची फाइल मिळते आणि जवळजवळ कोणताही मोबाइल ती उलगडतो. मूळ फाइल मिनिटाला सुमारे ४०० एमबी घेत होती. चार मिनिटांची नवी फाइल ८० एमबीच्या आत बसली. भाच्याला पुढच्या चवथीला कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये १०८०पी, ३० फ्रेम लावायला सांगितले आहे. त्याने तोंड वाकडे केले, पण लावतो म्हणाला. आता थाप आणि हात एकाच वेळी पडतात, आणि कासाळे वाजवणारा धाकटा काका मध्येच ताल चुकतो, तेही सगळ्यांना स्पष्ट दिसते.