'वॉश अप' म्हणजे हात धुवायचे की भांडी?

तिस्कवाट:

नमस्कार मंडळी. हॉटेलात आणि बोटीवर नोकरीला जाणाऱ्या मुलांसाठी फोंड्यात इंग्रजी-मराठी टिपण तयार करतोय. रोजच्या कामात लागणारी क्रियापदं घेतली आहेत. बाकी गाडी बरी चालली होती, 'वॉश अप'पाशी येऊन अडली. तीन वाक्यं बघा:

१. प्लीज वॉश अप बिफोर डिनर.
२. हू इज वॉशिंग अप टुनाइट?
३. अ डेड डॉल्फिन वॉश्ड अप ॲट मोरजी.

पहिल्यात हात, दुसऱ्यात भांडी, तिसऱ्यात तर धुण्याचा संबंधच नाही. वर 'वॉश्ड-अप ॲक्टर' आहेच. शब्दकोशात सगळे अर्थ एकाखाली एक दिलेत, पण कुठला कधी घ्यायचा याचा पत्ता लागत नाही. मुलांच्या लक्षात राहील अशी एखादी खूण आहे का? आणि मराठीत प्रत्येक ठिकाणी काय म्हणायचं?

व्याकरणखोर:

आधी बोलणारा कुठला ते बघा. ब्रिटिश माणूस नुसतं 'आय'ल वॉश अप' म्हणाला तर तो भांडी घासायला निघालाय. तेच वाक्य अमेरिकन माणसाचं असेल तर तो हात-तोंड धुवायला निघालाय. तुमचं पहिलं वाक्य अमेरिकन, दुसरं ब्रिटिश. ब्रिटिशाला हात-तोंडच धुवायचं असेल तर तो 'हॅव अ वॉश' म्हणेल. अमेरिकनाला भांडी घासायची असतील तर 'डू द डिशेस'. माणूस कुठला ते ठाऊक नसेल तर वेळ बघा, जेवणाआधी की नंतर. बहुतेकदा तेवढ्यावर निकाल लागतो.

मग कर्म. हात-तोंडाच्या अर्थी 'वॉश अप' अकर्मक आहे, त्याला कर्म जोडायचं नाही. 'वॉश अप युअर हॅण्ड्स' शिकवू नका. हात म्हणायचेच असतील तर 'अप' गाळून 'वॉश युअर हॅण्ड्स'. भांड्यांच्या अर्थी मात्र कर्म चालतं, आणि ते मधेही शिरतं: 'वॉश अप द प्लेट्स' आणि 'वॉश द प्लेट्स अप', दोन्ही बरोबर. सर्वनाम आलं की जागा एकच, मधली: 'वॉश देम अप'. 'वॉश अप देम' साफ चूक. हे फळ्यावर चौकटीत लिहून ठेवा.

आता 'अप'. मुलांना 'अप म्हणजे वर' असं सांगितलंत तर ती आयुष्यभर वर बघत बसतील. त्यापेक्षा आपल्या 'घेणे' आणि 'टाकणे'कडे बघा. 'हातपाय धू' आणि 'हातपाय धुऊन घे' यांत फरक आहे ना? 'भांडी घास' आणि 'भांडी घासून टाक' यांतही आहे. क्रिया तीच, पण 'घे' आणि 'टाक' लागले की ती पुरी होते. शिवाय 'घे'मध्ये काम स्वतःसाठी असतं आणि 'टाक'मध्ये ते एकदाचं हातावेगळं होतं. अमेरिकन 'वॉश अप' म्हणजे धुऊन घे, ब्रिटिश 'वॉश अप' म्हणजे घासून टाक. आपल्याकडे दोन शब्द आहेत, इंग्रजीत दोन्हींना एकच 'अप', म्हणून हा घोळ. तुलना फार ताणू नका, पण वर्गात ती उपयोगी पडते.

एक खड्डा अजून दाखवतो. 'डू द वॉशिंग' म्हणजे कपडे, 'डू द वॉशिंग-अप' म्हणजे भांडी. 'अप' ऐकू आला नाही की माणूस भलत्याच कामाला लागतो. इथे मराठी धावून येते. 'धुणं भिजत घातलंय' म्हणतो तेव्हा धुणं म्हणजे कपड्यांचा ढीग, आणि 'धुणं आटोपलं' म्हणतो तेव्हा ते काम. 'द वॉशिंग'चंही अगदी तसंच. 'द वॉशिंग-अप' म्हणजे भांडी घासण्याचं काम आणि सिंकमध्ये साठलेली खरकटी भांडीही. म्हणजे आपलं 'धुणं-भांडी' इंग्रजीत 'द वॉशिंग अँड द वॉशिंग-अप'. ऐकायला जरा वेडगळ वाटतं, पण तेच आहे.

उच्चाराचंही सांगून टाकतो. 'वॉशेड' नाही, 'वॉश्ट'. पुढे 'अप' आला की दोन्ही जोडून 'वॉश्टप'.

गॅलीतला:

वरचं सगळं मान्य. पण बोटीवर जाणाऱ्यांना वेगळं सांगा: कामाच्या जागी 'वॉश अप'वर विसंबू नका. गॅलीत, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरात, सूचना सुट्या शब्दांत असतात. हातांसाठी 'वॉश युअर हॅण्ड्स', साबण लावून निदान २० सेकंद. मोठी पातेली आणि ट्रे घासण्याची जागा ती 'पॉट वॉश'. अमेरिकेच्या बंदरांत जाणाऱ्या प्रवासी बोटींची आरोग्य तपासणी १०० गुणांची असते आणि ८५ किंवा कमी मिळाले की नापास. तिथे हात की भांडी हा घोळ कोणी हसण्यावारी नेत नाही.

खरी अडचण 'अप'मध्ये नाही, 'वॉश'मध्ये आहे. मराठीत 'भांडी धुतली' म्हटलं की त्यात सगळं आलं. तिथे एकेका पायरीला वेगळं क्रियापद आहे आणि त्या क्रमानेच काम होतं. 'स्क्रेप' म्हणजे खरकटं काढून टाकणं. मग 'प्री-रिन्स', पाण्याच्या फवाऱ्याने चिकटलेलं उडवणं. त्यानंतर तीन खणांचं सिंक. पहिल्या खणात 'वॉश': साबणाच्या पाण्यात घासणं, पाणी निदान ४३ अंश सेल्सियस. दुसऱ्यात 'रिन्स', म्हणजे आपलं विसळणं. तिसऱ्यात 'सॅनिटाइझ', क्लोरीनचं पाणी असेल तर ५० ते १०० पीपीएम (दहा लाख भाग पाण्यात तितके भाग क्लोरीन). शेवटी 'एअर ड्राय', उपडं घालून निथळू देणं. फडक्याने पुसायचं नाही, कारण फडक्यावरचे जंतू स्वच्छ भांड्याला लागतात.

चूक होते ती दुसऱ्या खणात. घाईत ताट साबणासकट थेट तिसऱ्यात बुडवतात. साबण आणि उरलेलं खरकटं क्लोरीन खाऊन टाकतं, तपासणीची पट्टी पाण्यात धरली की रंग फिका येतो आणि खण रिकामा करून पुन्हा भरावा लागतो. म्हणून 'वॉश'ला घासणं आणि 'रिन्स'ला विसळणं हेच मराठी शब्द पाठ करून घ्या. 'धुणे' हा शब्द त्या पानावर ठेवूच नका.

इंग्लंडात हॉटेलच्या स्वयंपाकघरात लागणाऱ्यांसाठी थोडे शब्द. भांडी घासणाऱ्याचं पद 'किचन पोर्टर', बोलताना 'केपी'. 'वॉशिंग-अप लिक्विड' म्हणजे हाताने घासायचा पातळ साबण, अमेरिकेत त्यालाच 'डिश सोप' म्हणतात. हा साबण डिशवॉशर यंत्रात कधीही ओतायचा नाही. यंत्राला कमी फेसाचा वेगळा साबण लागतो, हा ओतलात तर दाराच्या फटीतून फेस जमिनीवर येतो. 'टी टॉवेल' म्हणजे भांडी पुसायचं फडकं, चहाशी त्याचा संबंध नाही. घरगुती बोलण्यात 'यू वॉश अप, आय'ल ड्राय अप' ऐकू येईल: तू घास, मी पुसतो.

किनारपट्टी:

तिसऱ्या वाक्याचं मी बघतो, कारण इंग्रजी बातमीवरून मराठी करताना इथेच सगळे ठेचकाळतात.

या अर्थी 'वॉश अप'चा कर्ता समुद्र, लाट किंवा वाहून आलेली वस्तू. 'अ डॉल्फिन वॉश्ड अप' आणि 'अ डॉल्फिन वॉज वॉश्ड अप', दोन्ही चालतात. पुढे 'ऑन द बीच' किंवा गावाचं नाव असेल तर 'ॲट'; 'टू द बीच' नको. 'वॉश्ड अशोर' म्हटलंत तर 'अप' गाळलात तरी चालतं.

मुद्दा असा की वस्तू स्वतःहून आलेली नसते, लाटेने आणलेली असते. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे ऑलिव्ह रिडले कासवीण अंडी घालायला येते ती 'केम अशोर'. तिला 'वॉश्ड अप' लिहिलंत तर वाचणारा ती मेलेली किंवा जखमी समजेल. पावसाळ्याच्या तोंडावर, मे महिन्याच्या सुमारास, नैर्ऋत्येचं वारं सुटलं की किनाऱ्यावर डांबरगोळे येतात. तिथे 'टार बॉल्स आर वॉशिंग अप' अगदी चपखल. तुटलेली जाळी, ओंडके, थर्माकोलचे तुकडे, जेलीफिश यांनाही हेच.

मोठ्या जहाजाला मात्र सहसा नाही. जून २००० मध्ये कांदोळीच्या किनाऱ्याजवळ वाळूत रुतून बसलेली आणि कित्येक वर्षं न हललेली 'रिव्हर प्रिन्सेस' ही 'रॅन अग्राउंड'. जहाजाचा तळ जमिनीला लागला की 'अग्राउंड', लाटेने उचलून आणून टाकलं की 'वॉश्ड अप'. रिकामी होडी वाहत आली तर तिला दुसरं चालेल.

मराठीत 'वाहून आला' किंवा 'लाटांनी आणून टाकला' लिहा. मृतदेहाच्या बातमीत 'किनाऱ्याला लागला' असं लिहिलेलं दिसतं, ते मला खटकतं. किनाऱ्याला लागणं म्हणजे सुखरूप पोचणं.

व्याकरणखोर:

शेवटच्या वाक्याशी असहमत. बोलीत 'ओंडका किनाऱ्याला लागला' सर्रास म्हणतात, त्यात सुखरूपपणा कुठला? पण मृतदेहापुरतं तुमचं मान्य, तिथे 'वाहून आला'च बरं.

तिस्कवाट:

देव बरें करूं! घासणं-विसळणं वेगळं काढायचं हे डोक्यातच आलं नव्हतं, ते पान पुन्हा लिहितो. आता 'वॉश्ड-अप ॲक्टर' राहिला. आणि 'वॉश आउट', 'वॉश अवे', 'वॉश डाऊन' याच पानावर घ्यावेत का?

किनारपट्टी:

घ्या, पण एकेका ओळीत.

'वॉश्ड-अप': ज्याची सद्दी संपली तो. नामाच्या आधी आला की जोडरेघ, 'अ वॉश्ड-अप ॲक्टर'. क्रियापदानंतर आला की रेघ नाही, 'ही इज वॉश्ड अप'. शब्द बोचरा आहे. पाहुण्यासमोर कोणाबद्दलही उच्चारायचा नाही, हे टिपणात लिहाच. मराठीत 'सद्दी संपलेला' ठेवा, 'धुतलेला' नव्हे. मराठीत धुतला म्हणजे खरपूस समाचार घेतला, ते प्रकरण निराळं.

'वॉश आउट': पावसाने खेळ किंवा कार्यक्रम वाया घालवणं. २४ ऑक्टोबर २०१० रोजी फातोर्ड्याला ठरलेला भारत-ऑस्ट्रेलिया एकदिवसीय सामना एकही चेंडू न पडता रद्द झाला, तो 'वॉश्ड आउट'. बाटली किंवा डबा आतून विसळणं, तेही 'वॉश आउट'. 'वॉशआउट' जोडून लिहिलं की नाम, म्हणजे फज्जा.

'वॉश अवे': वाहून नेणं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ मुंबई-गोवा महामार्गावरचा सावित्रीवरचा जुना पूल पुरात गेला, तो 'वॉश्ड अवे'. पाण्याबरोबर जातं ते 'अवे', काठावर येऊन पडतं ते 'अप'.

गॅलीतला:

'वॉश डाऊन' माझ्याकडे. दोन अर्थ, दोन्ही बोटीवर लागतात. 'वॉश डाऊन द डेक': नळी लावून वरून खालपर्यंत धुऊन काढणं. आणि बारमध्ये 'वॉश इट डाऊन विथ अ बिअर': घास घशाखाली उतरवायला वर घोट घेणं. गोळी पाण्याबरोबर घेतली तरी तेच. यात सर्वनाम मधेच, 'वॉश इट डाऊन'. 'धुऊन काढणे' इथे लिहिलंत तर पाहुण्याच्या पुढ्यात कोणीतरी बादली आणून ठेवील.

व्याकरणखोर:

टिपणात नको, पण इंग्लंडात स्विंडनला वगैरे गेलेल्यांना बातम्यांत 'वॉश-अप' ऐकू येतं आणि ती मंडळी बुचकळ्यात पडतात, म्हणून सांगतो. निवडणूक जाहीर झाल्यावर ब्रिटिश संसद विसर्जित होण्याआधी जे थोडे दिवस उरतात, त्यांत अर्धवट पडलेली विधेयकं भराभर हातावेगळी करतात. त्याला 'वॉश-अप' म्हणतात. २०२४ मध्ये २२ मेला निवडणूक जाहीर झाली आणि २३ व २४ मे असे जेमतेम दोनच दिवस त्याला मिळाले. जेवण आटोपल्यावर सिंकमधलं घासून टाकतात, तसंच. मघाचा 'टाक' तो हाच.